‘गवत कापायचं मशीन पेट्रोलचंच घ्या’ या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

जूनचे पहिले पाऊस झाले की कोल्हापुरातल्या कॉलन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, मथितार्थ तोच. लॉनमोवर घ्यायचा तर पेट्रोलचाच घ्या, विजेची आणि बॅटरीची मशीनं म्हणजे खेळणी. एचपी जितका जास्त तितकं कटिंग चांगलं. बॅटरी दोन वर्षांत फेकावी लागते. वायरचं मशीन पावसाळ्यात जीव घेतं. गवत पार मुळापर्यंत कापलं की महिनाभर बघायला नको. आणि बिघडलंच तर आपलं उद्यमनगर, वर्कशॉपांची वसाहत, आहेच.

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच मेसेज पटतो. पण तो वाचून दीड गुंठ्याच्या लॉनसाठी तीस-पस्तीस किलोचं मशीन घरी येतं, पुढच्या पावसाळ्यात चालू होत नाही आणि गवत पुन्हा विळ्यानं कापायची वेळ येते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘पेट्रोलचंच घ्या’

आधी लॉन मोजा. प्लॉट पाच गुंठ्यांचा असला तरी बांधकाम, पार्किंग, फरशी आणि झाडांची आळी वजा केली की ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनीतल्या बंगल्यापुढे बहुधा गुंठा-दोन गुंठेच गवत उरतं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. ४० सेंटिमीटर रुंदीचं मशीन धरा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा लागतो, म्हणजे कामाची रुंदी ३६ सेंटिमीटर. ताशी तीन किलोमीटरच्या सावकाश चालीनं मिनिटाला १८ चौरस मीटर कापून होतात. नुसता हिशोब केला तर गुंठ्याला सहा मिनिटं. वळणं, कडा आणि पिशवी रिकामी करणं धरलं तर दहा. दोन गुंठ्यांना वीस मिनिटं लागत असतील तर पेट्रोल इंजिनाची खरी ताकद, म्हणजे तासन् तास न थांबता चालणं, तिथं वापरलीच जात नाही.

उलट त्याची खोड मात्र पुरेपूर भोगावी लागते. कोल्हापुरात गवत जोरात वाढतं ते जून ते ऑक्टोबर. त्यानंतर पाण्यावर ठेवलेलं लॉनसुद्धा मंदावतं आणि मशीन कोपऱ्यात जातं. टाकीत पेट्रोल तसंच राहतं. आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांतूनही ते तयार होतं, उसाला त्याचा फायदा आहे, याबद्दल तक्रार नाही. पण लॉनमोवरच्या बऱ्याच इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. घेण्याआधी तेवढं पान उघडून बघा. पेट्रोल महिनोन् महिने साठून राहिलं की कार्बोरेटरच्या वाटीत चिकट थर बसतो, जेट चोंदतं, रबरी नळी कडक होते. मग जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि मशीन फुर्र करून बंद पडतं.

ज्यांच्याकडे पेट्रोलचं मशीन आहे त्यांनी शेवटच्या कटिंगनंतर एवढं कराच. टाकी रिकामी करा. इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा बोल्ट सैल करून उरलेले थेंब काढा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे. पेट्रोल आणतानाही महिन्याला पुरेल इतकंच आणा.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. फवारणीचा टू-स्ट्रोक पंप वापरणारा माळी सवयीनं मोवरच्या पेट्रोलमध्येही ऑइल मिसळतो. मोवरचं इंजिन बहुतेक फोर-स्ट्रोक असतं. त्याचं ऑइल वेगळं, खाली चेंबरमध्ये, साधारण अर्धा लिटर. पहिलं ऑइल पाच तास चालल्यावर बदलायचं, नंतर दर पन्नास तासांनी किंवा वर्षातून एकदा. पेट्रोलमध्ये ऑइल गेलं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो, तेवढ्यावर निभावतं. पण उलटी चूक महागात पडते. खांद्यावरच्या टू-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. त्यात पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात, बहुतेक मशीनांना लिटरला २० मिली आणि काहींना ४० मिली, टू-टी ऑइल लागतं.

पेट्रोल कुठं योग्य? आठ-दहा गुंठ्यांच्या वर, जिथं विजेचा पॉइंट पोचत नाही, जिथं गवत पंधरा दिवस वाढू दिलं जातं. शाळेचं मैदान, मंगल कार्यालयाचं लॉन, गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या वाटेवरचं फार्महाऊस. तिथं दुसरा विचार करू नका. फक्त उतार तपासा. या इंजिनांत ऑइल आतल्या आत उडून भागांना लागतं, त्यामुळे १५-२० अंशांपेक्षा जास्त कलावर ते पोचत नाही आणि इंजिन कोरडं चालतं. पन्हाळ्याच्या बाजूच्या चढावरच्या जागांना हे लागू आहे.

गुंठाभर हरळी असेल तर आणखी एक पर्याय आहे, आणि मेसेजवाल्यांनी त्याचं नावही घेतलेलं नाही: हातानं ढकलायचा रीळ मोवर. ना पेट्रोल, ना वीज. फिरती पाती खालच्या पट्टीवर घासून कात्रीसारखं कापतात, त्यामुळे कट सर्वात स्वच्छ येतो. आठवड्याला नेमानं कापणाऱ्यासाठी याहून चांगलं यंत्र नाही. अट इतकीच की गवत बोटभराहून उंच वाढू द्यायचं नाही आणि लॉनमध्ये खडे नकोत. पाती जुळली आहेत का हे बघायला वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी मध्ये धरून हातानं रीळ हळू फिरवा. कागद डावीकडून उजवीकडे सगळीकडे सरळ कापला गेला तर ठीक. कुठं नुसता दुमडला तर त्या बाजूचा स्क्रू थोडा आवळायचा.

‘एचपी जास्त म्हणजे कटिंग चांगलं’

कट ठरतो तो पात्याच्या टोकाच्या वेगावर आणि धारेवर. ४६ सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर टोक सेकंदाला ७२ मीटरनं फिरतं. ३४ सेंटिमीटरचं विजेचं मशीन ३४०० फेऱ्यांवर साधारण ६० मीटर देतं. धार असेल तर कोरड्या गवताला दोन्ही पुरतात. एचपी लागतो तो रुंद पट्टा आणि दाट, ओलं गवत ओढायला. म्हणून आकडा नुसता न बघता रुंदीशी ताडून बघा. १६०० वॅट म्हणजे २ एचपीहून थोडं जास्त, आणि ते ३८-४० सेंटिमीटरला चालतं. पाच एचपी ५३ सेंटिमीटरच्या डेकवर, म्हणजे पात्यावरच्या कवचाच्या रुंदीवर, विभागला जातो. इथं विजेच्या मशीनांचीही बाजू घ्यायला नको. डब्यावरचे वॅट बहुधा मोटर ओढते तेवढे असतात, पात्याला मिळतात त्याहून कमी.

धार गेली की गवत सांगतं. कापल्यावर दुसऱ्या दिवशी खाली बसून एक पान हातात घ्या. टोक सरळ आणि हिरवं असेल तर ठीक. टोकाला पांढुरके, तपकिरी धागे लोंबत असतील तर पातं गवत कापत नाही, फाडतंय. अशी फाटकी टोकं पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण देतात. दर वीस-पंचवीस तासांनी धार लावा. स्पार्क प्लगची वायर, विजेची पिन किंवा बॅटरी काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. पेट्रोलचं मशीन आडवं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असं करा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. दोन्ही बाजूंना मूळच्या कोनात सारखीच कानस मारा. मग मधल्या भोकातून खिळ्यावर पातं टांगा. एक बाजू खाली गेली तर त्या बाजूला अजून थोडं घासा. तोल न साधता बसवलेलं पातं मशीनला थरथर आणतं आणि शाफ्टचं बेअरिंग खातं.

पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ साली ज्या भागांत शिरलं तिथल्यांनी हे लक्षात ठेवावं. पूर ओसरल्यावर गवतावर गाळाचा थर बसतो. आधी पाण्याचा फवारा मारून गाळ धुवा. तसंच मशीन फिरवलं तर एका फेरीत धार जाते.

‘बॅटरी दोन वर्षांत जाते’

जाते, पण चार्जिंगच्या फेऱ्या संपल्या म्हणून क्वचितच. पावसाळ्यात आठवड्याला एकदा, एरवी पंधरवड्याला एकदा कापलं तर वर्षाला पस्तीसेक चार्जिंग होतात. लिथियम-आयन पॅक काही शे फेऱ्या सहज पेलतो. तो मरतो उष्णतेनं आणि साठवणीनं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पॅक पूर्ण भरून ठेवला, किंवा पार उतरलेला तसाच टाकला, तर दोन वर्षंही जास्त झाली. मशीन वर राहू दे, पॅक घरात आणा. चारपैकी दोन दिवे लागतील इतका भरलेला ठेवा. कापून आल्याबरोबर गरम असताना चार्जिंगला लावू नका.

खरी मर्यादा दुसरी आहे. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे १४४ वॅट-अवर. कोरड्या गवतात मशीन साडेचारशे वॅट ओढत असेल तर वीसेक मिनिटं चालेल, म्हणजे दोन गुंठे. जुलैच्या ओल्या, उंच गवतात तेच ८०० वॅट झालं की दहा-अकरा मिनिटांत खेळ आटोपतो. दोन गुंठ्यांच्या वर दुसरा पॅक धरूनच किंमत जोडा, कारण पॅकची किंमत मशीनच्या मानानं मोठी असते. तोच पॅक ड्रिल किंवा हेज ट्रिमरला बसत असेल तर उत्तम.

‘वायरचं मशीन जीव घेतं’

हा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. ओल्या लॉनवर जुनी वायर आणि इन्सुलेशन टेप मारलेला जोड खरंच जीव घेऊ शकतो. पण तो धोका टाळता येतो. पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच पडणारा स्विच, हवाच, आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते बघायचं. जादा भार आला की पडणारा एमसीबी हे काम करत नाही. एक्स्टेन्शन दीड चौरस मिलिमीटर तांब्याचं, रबरी आवरणाचं, मध्ये एकही जोड नसलेलं. १५०० वॅटच्या मशीनला साडेसहा अँपिअर लागतात. तीस मीटर अंतरावर या वायरमध्ये पाचेक व्होल्ट पडतात, पाऊण चौरस मिलिमीटरच्या स्वस्त वायरमध्ये दहा. आधीच व्होल्टेज कमी असेल तर मोटर तापायला तेवढं पुरतं. वायर रिळावर असेल तर सगळी सोडा, गुंडाळलेली वायर आतून तापते.

कापायला सुरुवात विजेच्या पॉइंटच्या बाजूनं करा आणि लांब जात राहा, वायर कायम कापलेल्या भागावर आणि खांद्यावरून मागे. पाऊस चालू असताना किंवा गवत ठिबकत असताना कापायचं नाही. ही अट तिन्ही प्रकारांना आहे, कारण ओलं गवत डेकखाली चिकटून गोळे होतात. दोन दिवसांची उघडीप मिळाली की दुपारनंतर कापा.

पेट्रोलला धोका नाही असंही नाही. गरम इंजिनवर पेट्रोल ओतू नका, पंधरा मिनिटं थांबा. आणि बंद शेडमध्ये चालू करू नका.

‘मुळापर्यंत कापा, महिनाभर सुट्टी’

मेसेजमधला सर्वात नुकसानीचा सल्ला हाच. एका वेळी पानाच्या उंचीचा एक तृतीयांशच काढायचा. मुळापर्यंत कापलं की हरळीचे पिवळे दांडे उघडे पडतात, ती मुळांतला साठा वापरून पुन्हा पानं काढते, आणि तोवर मोकळ्या जागेत लव्हाळा आणि गाजर गवत उठतं. पावसाळ्यात ३५ ते ४० मिलिमीटर ठेवा, आंब्याच्या सावलीत आणखी थोडं जास्त. म्हणून मशीन घेताना उंचीचे किमान पाच टप्पे आहेत का आणि ते एकाच दांडीनं बदलतात का हे बघा. चार चाकं वेगवेगळी बदलावी लागली तर कुणी बदलत नाही.

मल्चिंगची सोय कोरड्या दिवसांत उपयोगी. बारीक कापलेलं गवत जागीच कुजतं आणि लॉनला लागणाऱ्या नत्राचा बराच भाग परत देतं. पावसाळ्यात मात्र पिशवी लावा. गोळा झालेलं गवत शेजारच्या म्हशीला घालायचा मोह होतो, तो टाळा. बारीक ओलं गवत ढिगात लगेच तापतं, आंबतं, आणि ते जनावराच्या पोटाला बाधतं. पाचटाबरोबर थर देऊन खड्ड्यात घाला, उत्तम खत होतं.

‘उद्यमनगर आहेच’

हे खरं आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. इंजिनाचं बोअरिंग, व्हॉल्व्ह, शाफ्टचं टर्निंग, पात्याचा अडॅप्टर, सगळं तिथं होतं. मोटरचं वाइंडिंगही गावात भरून मिळतं. पण फुटलेला प्लास्टिकचा डेक, सेल्फ-ड्राइव्हचा गिअरबॉक्स आणि बॅटरीचं सर्किट तिथं बनत नाही. पातंही पट्टीतून कापून घेऊ नका. पोलाद चुकीचं असेल तर ते वाकतं किंवा तुकडा उडतो, आणि त्या वेगाला तो तुकडा पायात जातो. मशीन घेतानाच मूळ कंपनीची दोन जादा पाती, पात्याचा बोल्ट आणि पेट्रोलचं असेल तर एक एअर फिल्टर बिलात धरून घ्या. दुकानात हे लगेच काढून देता येत नसेल तर दुसरं दुकान बघा.