अनामिक साहेब, गणित मलाही येतं

पिळलेलं रबर सुटताना चाकं फिरवतं अशी माझी एक रिमोट गाडी आहे, तिच्या पोस्टवर रविवारी रात्री एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, काही नाही, नुसतं अनामिक. खालीच दोन ओळी लिहून सोडणार होतो पण लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साहेबांचं (की बाईंचं, नावच नाही तर कळणार कसं) म्हणणं असं की ६०० ग्रॅमची गाडी सेकंदाला ३ मीटर वेगाला न्यायला २.७ ज्यूल ऊर्जा लागते, ३० ग्रॅम रबरात ग्रॅममागे ५ धरले तरी १५० ज्यूल बसतात, मग माझी गाडी तिसऱ्या फेरीत मान का टाकते? मागचा एक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, अखंड आहे, दोन्ही चाकं सारखीच फिरतात, म्हणून तो वळणावर गाडीला खातो. स्पर्धेत पीळ भरून पंधरा मिनिटं रांगेत उभं राहणं चूक, ताकद जाते. गिअरचा आकडा उलटा पडलाय. आणि शेवटी हे रत्न, जसंच्या तसं: "पदर वाढवत बसण्याआधी जरा गणित केलं असतंत तर एवढं रबर लागलंच नसतं." (पदर म्हणजे दोन हूकांमध्ये शेजारीशेजारी लावलेले रबराचे धागे.)

गिअरचं बरोबर आहे. रबराचा एक फेरा म्हणजे चाकाचे दोन, मी उलटं टाइप केलं होतं, दुरुस्त केलंय, धन्यवाद. चूक असली की मी लगेच मान्य करतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पण हे "जरा गणित" काय प्रकरण आहे? जरा म्हणजे किती? मी काय डोळे मिटून रबर गुंडाळतो का? अहो सातवीत असताना पट्टीला हूक ठोकून मी रबराचं पहिलं विमान केलं, तेव्हा हे ज्यूलबिऊल माहीत नव्हतं हे कबूल, पण तेव्हापासून तुटलेलं रबर बोटांवर किती वेळा बसलंय त्याचा हिशोब नाही, उजव्या अंगठ्याच्या नखावर अजून एक रेघ आहे. तुम्हाला कधी बसलंय का? सहज विचारतोय.

आता गणितच हवंय तर घ्या. रबराचे पदर दुप्पट केले की टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेतीन पट होतो, आणि तेवढ्याच लांबीत मावणारे फेरे मात्र सत्तर टक्क्यांच्या आसपास येतात. मी ६ चे १२ पदर केले ते हौस म्हणून नाही. ६ पदरांवर गाडी एकदा सुटली की झकास जायची, पण मध्ये ब्रेक लावून उभी केली की परत निघायची नाही. ब्रेकचा सर्व्हो (रिमोटवर हलणारी छोटी मोटर) मोकळा व्हायचा, पिनियन (छोटं गिअर) एक दात पुढे सरकायचं आणि गाडी ढिम्म. मी रिमोट हातात घेऊन उभा, बाजूने बाकीच्यांच्या गाड्या जातायत. तुमचे ज्यूल तेव्हाही आतच होते की साहेब! पोत्यात धान्य किती आहे ते मोजून काय करू, पोत्याचं तोंड केवढं ते बघायला नको? शिवाय रबर काही शेवटपर्यंत सारखं ओढत नाही, सुरुवातीला झटका, मग लांबच लांब पठार, आणि शेवटी घसरगुंडी. गाडी चालते पठारावर. हे तुमच्या त्या एका गुणाकारात कुठे दिसतं?

आणि "मग ऊर्जा जाते कुठे" म्हणून जे विचारलंय ते मला शिकवायची गरज नाही. जाड रबरबँड झटकन ताणून ओठाला लावा, गरम लागेल. ताणलेलाच धरून जरा थांबा आणि मग सोडून लावा, गार लागेल. जॉन गफ नावाच्या माणसाने १८०५ मध्ये हे लिहून ठेवलंय, त्यांना दिसत नव्हतं, त्यांनी ओठानेच ओळखलं, कॅल्क्युलेटर नव्हता. ती उष्णता पुष्कळशी परत मिळते म्हणा, पण पीळ भरताना जेवढं घालतो तेवढं सुटताना कधीच येत नाही.

दुसरं म्हणजे पिळलेलं रबर नुसतं फिरवत नाही, ओढतं पण. दोन्ही हूक एकमेकांकडे खेचले जातात आणि सगळा भार शाफ्टच्या लांबीच्या दिशेने बेअरिंगवर येतो. माझ्या पहिल्या गाडीत हे लक्षातच आलं नव्हतं, भरल्या पिळात शाफ्ट चिमटीत धरून हळू सोडला की बोटांना कुरकुर जाणवायची, वाळू असल्यासारखी. मग हूकच्या मागे थ्रस्ट बेअरिंग टाकलं, आतलं घट्ट ग्रीस धुऊन काढलं, पातळ तेलाचा एक थेंब, बस. त्याच रबरावर गाडी एक अख्खी फेरी जास्त गेली. सांगा, तुमच्या १५० ज्यूलमध्ये हे बेअरिंग कुठे बसतं?

बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. रांगेत उभं राहून ताकद जाते, हो जाते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, रबराचं नेमकं उलटं, रबर धडधाकट दिसतं आणि पीळ आतल्या आत ढिला झालेला असतो. पण त्याने आधी कमी होतो तो सुरुवातीचा झटका, आणि त्या झटक्यात माझी चाकं तशीही जागच्या जागी गरगरतात, म्हणजे तो मला नकोच होता. कुणी तरी खाली विचारलंय की बॅटरी आहे म्हणजे फसवणूक नाही का, तर नाही, बॅटरी फक्त रिसीव्हर आणि दोन सर्व्होंना आहे, चाकांना तिचा काही संबंध नाही. हे पोस्टमध्येच लिहिलंय, वाचत चला.

राहिला एक्सल. तो मोठा विषय आहे, त्यावर कधीतरी सवडीने. गेल्या स्पर्धेत दुसऱ्या वळणावर गाडी बाहेर गेली ती एक्सलमुळे नाही, मी रिमोट उशिरा वळवला, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. आणि फक्त उजव्या चाकाला ताकद देऊन डावं मोकळं फिरू द्यायचं हे माझ्या डोक्यात आधीपासूनच होतं. डाव्या चाकाचा ग्रब स्क्रू, म्हणजे चाक एक्सलला आवळणारा छोटा स्क्रू, मी शनिवारीच काढलाय. तुमची प्रतिक्रिया रविवारी आली.