मोनोपॉलीचा जनक डॅरो नव्हेच

चार्ल्स डॅरोची गोष्ट पुन्हा फिरते आहे. महामंदीत नोकरी गेलेला फिलाडेल्फियाचा विक्रेता, खिशात दमडी नाही. घरी मेणकापड पसरून सुट्टीच्या आठवणींतले अटलांटिक सिटी या अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या शहराचे रस्ते आखले, मोनोपॉली हा जमिनींच्या खरेदी-भाड्याचा पटावरचा खेळ शोधला आणि लक्षाधीश झाला!

बेकारी खरी, मेणकापड खरे, पैसाही खरा. खेळ त्याने शोधला, एवढेच खोटे.

लिझी मॅगी या अमेरिकन बाईला ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या आपल्या खेळाचे पेटंट ५ जानेवारी १९०४ रोजी मिळाले. तेव्हा डॅरो १४ वर्षांचा पोरगा होता. त्या पेटंटमधला पट बघाच: चौकोनी, कडेने घरे, विकत किंवा भाड्याने घ्यायच्या जमिनी, चारही बाजूंना रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग, दुसऱ्यात ‘तुरुंगात जा’, आणि फेरी पूर्ण झाली की १०० डॉलर मजुरी. यात शोधायचे राहिले काय? हेतू मात्र वेगळा होता. मॅगी अर्थचिंतक हेन्री जॉर्जच्या विचारांची. भाड्यावर जमीनमालक कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे भिकेला लागतात, हे तिला खेळातून दाखवायचे होते.

राहिले रस्ते. ते पटावर आणले अटलांटिक सिटीतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी. त्यांचा खेळ डॅरोच्या ओळखीच्या चार्ल्स टॉडपर्यंत पोहोचला, टॉडने तो डॅरोला शिकवला, वर नियमही लिहून दिले. ‘मार्व्हन गार्डन्स’ या वस्तीचे नाव टॉडच्या पटावर चुकून ‘मार्विन’ पडले होते. डॅरोच्या पटावरही ‘मार्विन’च! नकलेलाही अक्कल लागते म्हणतात, ते असे.

‘पण पेटंट डॅरोच्या नावावर आहे ना?’ आहे, १९३५ चे. त्याच वर्षी मोनोपॉली विकणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने मॅगीचे १९२४ चे सुधारित पेटंटही ५०० डॉलरला विकत घेतले, रॉयल्टी शून्य. खेळ अस्सल डॅरोचा असता, तर ही खरेदी कशाला केली असती?

हे सगळे चव्हाट्यावर आले ते १९७० च्या दशकात. ‘अँटी-मोनोपॉली’ हा खेळ काढणाऱ्या राल्फ अँस्पाक या प्राध्यापकाचा कंपनीशी खटला जुंपला आणि त्याने जुने खेळाडू हुडकून साक्षीला उभे केले. खरे तर मॅगीने १९३६ मध्येच आपले जुने पट वॉशिंग्टनच्या वार्ताहरांसमोर धरले होते. वकील, छपाई आणि पेटंटची फी मोजली तर या खेळावर तिचा कमाईपेक्षा खर्चच जास्त झाला असावा, असे ‘इव्हिनिंग स्टार’ने तेव्हाच छापले होते.