तेल बंद करायचंय, पण करू कोण देतंय?

डोकं फिरलंय आज. तळघराचं दार उघडलं की डिझेलसारखा उग्र वास पार जिन्यापर्यंत येतो. प्लॅस्टिकच्या तीन टाक्या, आत घर तापवायला जाळतो ते लालसर तेल, आणि किती उरलंय ते मोबाइलच्या उजेडात वाकून बघायचं. आज बघितलं तर तळाला टेकलंय. म्हणजे परत टँकर बोलवा, परत पैसे मोजा. मला नकोच असलेल्या तेलासाठी!

जर्मनीतल्या कासेल शहराजवळचं हे जुनं घर आम्ही 2023 मध्ये घेतलं. घर तापवणारा तेलाचा बॉयलर 1989चा. जर्मनीत तीस वर्षांपुढचा असा जुन्या धाटणीचा बॉयलर नव्या मालकाला दोन वर्षांत काढावाच लागतो. इथे घराघरातले बॉयलर तपासतो त्या चिमणीवाल्याने पहिल्याच भेटीत तसं लिहून दिलं. बरं झालं, आम्हालाही तो काढायचाच होता. लेकरं झोपतात त्या खोलीखाली हजारो लिटर तेल कुणाला हवंय?

पण बदलून देणार कोण? सहा जणांना लिहिलं. तिघांचं साधं उत्तर नाही. एकाने घरात पाऊल न टाकता, नुसत्या फोटोंवरून हीट पंपाचे (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणाऱ्या यंत्राचे) 43,000 यूरो सांगितले. वर म्हणे खोल्यांतले गरम पाण्याचे रेडिएटर सगळे बदला, जुन्या घरात हीट पंप तसा चालत नाही. का चालत नाही? जानेवारीत बाहेर उणे सहा असताना मी बॉयलरचा मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह, फिरवून रेडिएटरकडे जाणारं पाणी हीट पंपालाही जमेल अशा 55 अंशांवर आणलं, चांगलं चार दिवस. घर 20 अंशांवर राहिलं. पोरांनी स्वेटरसुद्धा मागितला नाही. सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत उतरवले, त्या पानांचे फोटो त्याला पाठवले. उत्तर काय, तर 'अनुभवावरून सांगतोय'. अरे, मोजून दाखवलंय ना तुला!

अनुदान आहे म्हणतात. आहे ना: मूळ 30 टक्के, चालू तेलाचा बॉयलर काढला म्हणून आणखी 20. पण ते 30,000 यूरोच्या खर्चापर्यंतच, म्हणजे हातात 15,000. आणि अर्ज करायच्या आधी कारागिराशी करार हवा. फोन न उचलणाऱ्याशी करार करू कसा?

त्यात राजकारण्यांचा खेळ. 2024 पासून नवा हीटिंग कायदा लागू झाला, 2025 मध्ये नवं सरकार आलं ते 'हा कायदाच रद्द करू' म्हणत. शेजारचे काका रोज सांगतात, थांबा जरा. किती थांबायचं? तेल जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर सरकार पैसे लावतं, 2025 मध्ये तो दर टनाला 55 यूरो. आमचं वर्षाचं 2,800 लिटर तेल म्हणजे साडेसात टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 400 यूरोच्या वर नुसता हा भुर्दंड. आणि वीजकर सगळ्यांचा कमी करू म्हणाले होते, ती सवलत घरगुती ग्राहकांना दिलीच नाही. तेल महाग करता, वीज स्वस्त करत नाही, मग माणसाने करायचं काय?

आमची दोन वर्षांची मुदत कधीच संपली. पुढच्या मंगळवारी चिमणीवाला परत येतोय. वही आणि त्या सहा जणांना पाठवलेल्या सगळ्या मेल छापून टेबलावर ठेवल्यात. टँकरवाल्याला 500 लिटर सांगितलंय. त्यापुढे एक थेंब घेणार नाही.