फॅदमचा थांग

एका दर्यावर्दी गोष्टीचं भाषांतर करत होतो. 'दहा फॅदम पाणी' असं आलं आणि गाडी अडली. फॅदम म्हणजे समजणं, आकलन होणं, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं. 'आय कान्ट फॅदम' इतक्यांदा ऐकलंय, की या शब्दाला खाऱ्या पाण्याचा वास असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

शब्दकोश उघडला. फॅदम म्हणजे 6 फूट, सुमारे 1.83 मीटर. पण 6च का? तर जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पसरलेले दोन हात, मिठी! हात ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत तेवढं अंतर भरतं. दोर मोजायला याहून सोपी पट्टी कुठली? आपलं 'वाव' हे जुनं माप तरी दुसरं काय.

खोली मोजायच्या दोराचं वर्णन वाचताना तर मी भाषांतर विसरलो. टोकाला शिसं. 2 फॅदमला चामड्याच्या दोन पट्ट्या, 3ला तीन, 5ला पांढरं फडकं, 7ला लाल, 10ला भोक पाडलेलं चामडं. रात्री रंग कसा दिसणार? म्हणून फडक्यांचा पोतही वेगळा, बोटांनाच कळावा. शिशाच्या बुडाला खळगा, त्यात चरबी. तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर यायचा. नुसती खोली नाही, खाली आहे काय तेही हातात! मला विचाराल तर 'फॅदम करणं' म्हणजे नेमकं हे.

मिसिसिपीवर बोटी चालवणारा सॅम्युअल क्लेमेन्स पुढे लेखक मार्क ट्वेन झाला, तो याच दोरामुळे. 'मार्क ट्वेन' म्हणजे दुसरी खूण, 2 फॅदम, बोटीपुरतं पाणी आहे. 6ला मात्र खूणच नसायची, ती अंदाजाने पुकारायची: 'डीप सिक्स'. आता कुणी एखादी गोष्ट 'डीप सिक्स' केली म्हणतो, तेव्हा ती कायमची फेकून दिलेली असते.

आणि आपण या सगळ्याचं मराठी काय करतो? 'समजत नाही'. अरे, थांग लागत नाही म्हणा, ठाव लागत नाही म्हणा! 'अनफॅदमेबल'ला 'अनाकलनीय' लिहिणाऱ्यांचा मला रागच येतो (परवापर्यंत मीही त्यांतलाच). 'अथांग' समोर उभा असताना?

तर मी ऐटीत 'दहा वाव पाणी' लिहून पाठवलं. संपादकांनी समासात शेरा मारलाय: "वाव म्हणजे स्कोप ना? इथे बसत नाही. मीटर करा."