थंडीत दत्तक कुत्र्याचं पाणी तोडू नका

"मोठ्या वयाचं कुत्रं दत्तक घेतलं असेल तर थंडीत संध्याकाळनंतर पाणी बंद करा, घरात शू केली तर नाक त्यात घासा, आठवड्यात शिकतं" असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. कृपया यातलं काही करू नका.

म्हाताऱ्या कुत्र्याला मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. अशा वेळी पाणी तोडणं धोक्याचं, हे कोणतेही पशुवैद्य सांगतील. आधी त्यांच्याकडून लघवी-रक्त तपासून घ्या. थंडीत सांधेही आखडतात. संधिवाताचं कुत्रं पहाटे जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतं, पाय पुढे टाकून मागे घेतं, आणि मग दारातच करतं. हा हट्ट नव्हे. नाक घासल्यावर ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही. मग सोफ्यामागे करतं.

खरा उपाय कंटाळवाणा आहे: उठल्यावर, जेवल्यावर, झोपण्याआधी बाहेर ठरलेल्या एकाच जागी न्या, शू झाली की तिथेच खाऊ द्या, घरी परतल्यावर नाही. फरशी एन्झाइमवाल्या, म्हणजे लघवीचा वास मुळापासून घालवणाऱ्या, क्लीनरने पुसा. अमोनियावाला नको, त्याचा वास लघवीच्या जवळ जातो, आणि कुत्रं पुन्हा तिथेच करू शकतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.