शक्ती-तुऱ्याची बारी विसरू नका

डिस ट्रॅक, म्हणजे एका रॅपरने दुसऱ्याला डिवचणारं गाणं, ही अमेरिकेची नक्कल आहे, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. कोकणातल्या चाकरमान्यांनी मुंबईत जपलेला शक्ती-तुरा, म्हणजे दोन शाहिरांचा गाण्यातला सामना (यालाच बारी म्हणतात), ऐकलाय का? शक्तीवाला शाहीर गाण्यातून समोरच्याची सालटी काढतो, मागचे कोरसवाले ती ओळ उचलून धरतात आणि तुरेवाल्याला त्याच रात्री, त्याच रंगमंचावर उत्तर द्यावं लागतं. २०१८ मध्ये मुंबईचा रॅपर एमीवे आणि दिल्लीचा रॅपर रफ्तार भिडले, तेव्हा आमच्या चाळीतली पोरं उत्तराची अशीच वाट बघत होती. मात्र खाली कमेंटमध्ये ‘मुंबई विरुद्ध दिल्ली’ करत आईबहिणीवर जाणाऱ्यांचा संताप येतो. भांडण गाण्यापुरतंच राहावं; तिकडे अमेरिकेत एकमेकांशी वैर असलेले रॅपर, सप्टेंबर १९९६ मध्ये टुपॅक आणि मार्च १९९७ मध्ये बिगी, दोघेही गोळीबारात गेले. शाहिरांच्या बारीवरही एक लेख लिहाच, कळकळीची विनंती.