विमान, पनीर आणि ओला कचरा: एका फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. मथळा ‘पर्यावरणवाद्यांची पोलखोल’. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातले दावे थोडक्यात देते. मुंबईला रेल्वेपेक्षा विमानाने जाणं पर्यावरणाला चांगलं, कारण विमान सरळ जातं आणि रेल्वे कोळशाच्या विजेवर भलामोठा वळसा घालून जाते. आपण शाकाहारी, म्हणून आपलं ताट मुळातच ‘शून्य कार्बन’. दूध-तूप जवळच्या गावचं आणि देशी गाईचं असेल तर हवं तितकं खा, देशी गाय तर ऑक्सिजन सोडते. इंदुरात अन्न वाया जातच नाही, कारण उरलेल्याचा गॅस होतो आणि त्यावर बस चालते. इलेक्ट्रिक स्कूटर पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा घाण. एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांइतका धूर निघतो. आणि शेवटी, हवा अमेरिकेने बिघडवली, आपण का सोसायचं?

असले संदेश मी एरवी न वाचताच सोडून देते. हा तसा सोडता आला नाही, कारण आमच्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांत त्याने आपलं काम केलं. दादरच्या लग्नाला सगळ्यांनी अवंतिका एक्स्प्रेसने जायचं ठरलं होतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला बसून माझ्या भाचीने सगळ्यांचे बर्थ मिळवले होते. संदेश आला आणि निम्म्या मंडळींनी तिकिटं रद्द करून विमानाची काढली. वर त्या पोरीला ऐकवलं, ‘आधी अभ्यास कर, मग आम्हाला शिकव.’ अभ्यास तिने केलेलाच होता. तो संदेश लिहिणाऱ्याने केला नव्हता, आणि काका, तुम्ही तो पुढे पाठवण्याआधी एक साधा गुणाकारही करून पाहिला नाहीत.

तो गुणाकार इथे करू. रेल्वेची वीज बरीचशी कोळशाची, हे खरं. पण म्हणून ती मोजताच येत नाही असं थोडंच आहे? केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी आकडा देतं. देशातल्या एका युनिट विजेमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, कोळसा त्यात धरूनच. लांब पल्ल्याच्या प्रवासी गाडीला किलोमीटरमागे ढोबळमानाने २० युनिट लागतात. इंदूर ते मुंबई रेल्वेने सव्वाआठशे किलोमीटर. म्हणजे साडेसोळा हजार युनिट, म्हणजे १२ टन कार्बन डायऑक्साइड. गाडीत हजार माणसं धरा: माणशी १२ किलो. एसी डब्यात माणसं कमी आणि वीज जास्त, तर दुप्पट करा. २४ किलो.

आता विमान. तासाभराच्या उड्डाणाला १८० आसनांचं विमान अडीच ते तीन टन इंधन जाळतं. एक किलो इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो, म्हणून वजन वाढतं. आठ ते साडेनऊ टन झाले. १६० प्रवासी धरले तर माणशी ५० ते ६० किलो. सरळ रेषेत जाऊनही! वळसा घालणारी, कोळशाच्या विजेवर चालणारी, एसी डब्यांची रेल्वेसुद्धा त्याच्या निम्म्यात बसते. साधा स्लीपर तर चौथा-पाचवा हिस्सा. शिवाय विमान उंचावर ज्या पांढऱ्या रेघा ओढत जातं त्याही उष्णता अडवतात, त्या मी या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

संदेशातली एक गोष्ट मान्य करावी लागते. वळसा आहेच. रतलाम, गोध्रा, बडोदा, सुरत असं गुजरात पालथं घालून मुंबई गाठायची, हे इंदूरच्या माणसाच्या नशिबी किती वर्षं आहे ते आपण सगळे जाणतो. इंदूर–मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाली, खर्च १८,०३६ कोटी. तो होईल तेव्हा होईल. आणि ज्यांना रात्रभराचा प्रवास झेपत नाही, त्यांनी विमानाने जावं, कोणीही अडवलेलं नाही. पण मग गुडघे दुखतात म्हणून विमानाने जातो, असं सांगावं. पर्यावरणासाठी जातो असं सांगून पोरीला खोटं पाडू नये.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं खरोखर फिरलं त्याकडे येते. ‘इंदुरात अन्न वाया जात नाही.’ हे वाक्य आता लग्नाघरी उघड बोललं जातं. ताटात वाढून घ्या, उरलं तर उरलं, आपल्या गावात त्याचा गॅस होतो.

इंदूरच्या देवगुराडिया भागातला ओल्या कचऱ्याचा प्रकल्प खरा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं. दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायचा आणि सुमारे १७,००० किलो सीएनजी द्यायचा, अशी त्याची क्षमता. त्यावर शहराच्या बस चालतात. स्वच्छतेत २०१७ पासून पहिलं येणाऱ्या शहराने घरोघरी ओला-सुका वेगळा करायची सवय लावली, म्हणून हे जमलं.

पण हेच दोन आकडे एकमेकांनी भागून बघा. एक टन कचऱ्यातून ३१ किलो गॅस. एक किलो कचऱ्यातून ३१ ग्रॅम. सिटी बस एका किलो गॅसमध्ये तीनेक किलोमीटर जाते, तेव्हा एक किलो टाकून दिलेल्या अन्नावर ती शंभर मीटरसुद्धा पुढे सरकत नाही.

आणि ते किलोभर अन्न तयार व्हायला काय लागलं होतं? एखाद्या मॅरेज गार्डनमध्ये हात धुवायच्या जागेशेजारी उष्ट्या ताटांचे निळे टब असतात, तिथे पाच मिनिटं उभं राहून पाहावं. शाही पनीरचे अख्खे तुकडे, एक घास मोडलेला बाफला, न चाखलेली रबडी, तुपात निथळणारा मूगडाळीचा हलवा, आणि त्या सगळ्यावर खोचलेले प्लॅस्टिकचे चमचे, जे प्रकल्पात जाण्याआधी कोणीतरी हातांनी वेचून काढतो. एक किलो पनीरला पाच ते सहा लिटर दूध लागतं. एका लिटर दुधामागे जगभरच्या सरासरीने सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइडइतके उष्णता वाढवणारे वायू निघतात. म्हणजे पनीरमागे १५ ते १८ किलो. ते टाकून दिल्यावर मिळणाऱ्या ३१ ग्रॅम गॅसने डिझेल वाचलं म्हणून फार तर शंभर ग्रॅम वजा करा. पंधरा किलोंतून शंभर ग्रॅम! कचऱ्याचा गॅस करणं हे कचरा कुजत पडू देण्यापेक्षा फार चांगलं आहे. अन्न न टाकण्याच्या जवळपासही ते येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अन्न-नासाडीचा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न टाकलं गेलं, ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाच्या १९ टक्के. त्या टबांकडे बघून मला हा आकडा अजिबात फुगवलेला वाटत नाही.

पनीर निघालंच आहे तर ‘शून्य कार्बन ताट’ही बघू. याबाबतीत मी एकाच अभ्यासावर भर देते, कारण त्याच्याइतका मोठा दुसरा माझ्या पाहण्यात नाही. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो छापला. ११९ देशांतली ३८,७०० शेतं, ४० खाद्यपदार्थ, पेरणीपासून दुकानापर्यंतचा हिशेब. एक किलो पदार्थामागे किती किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार, याचे सरासरी आकडे असे: मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस सुमारे १००, मेंढी-बकरी ४०, चीज २४, कोंबडी १०, तांदूळ साडेचार, गहू दीड, डाळी दोनच्या आत, वाटाणा एक. हे जगाचे आकडे आहेत, माळव्याचे नव्हेत. पण उतरंड इथेही तीच राहते.

म्हणजे शाकाहाराने फरक पडतो, हे संदेशातलं अर्धसत्य मी कबूल करते. बीफ खाणाऱ्या देशांच्या ताटापुढे आपलं वरण-भात-भाजीचं ताट खूपच हलकं. पण ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे, आणि हल्लीच्या लग्नातलं ताट वरण-भाताचं राहिलेलं नाही. पनीरच्या तीन भाज्या, वर रबडी, वर कुल्फी. दूध देणारं जनावर रवंथ करताना मिथेन ढेकरांतून बाहेर टाकतं, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. देशी गाय याला अपवाद नाही. ती ऑक्सिजन सोडते ही तर शुद्ध थाप. कुठलाही प्राणी श्वासातून ऑक्सिजन तयार करत नाही. देशी गाय लहान चणीची, कमी खाते, म्हणून तिचा एकूण मिथेन संकरित गाईपेक्षा कमी भरतो, एवढं खरं. पण दूधही कमी देते, त्यामुळे लिटरमागे धरला तर तो जास्तच निघतो.

‘जवळचं खा’ हाही असाच अर्धवट सल्ला. त्याच अभ्यासात बहुतेक पदार्थांच्या एकूण भारात वाहतुकीचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आहे. विमानाने आणलेली फळं-भाज्या सोडल्या, तर पदार्थ किती लांबून आला यापेक्षा तो कोणता आहे हे महत्त्वाचं. इंदूरशेजारच्या सांवेरच्या पनीरपेक्षा लातूरहून ट्रकने आलेली तूरडाळ कितीतरी हलकी. यात कोणाच्या जिभेवर अत्याचार नाही. मटकीची उसळ, पिठलं, भरीत, ज्वारीची भाकरी हे आपल्याच आज्यांच्या स्वयंपाकातलं आहे. ज्वारी तर याच काळ्या मातीतली. सोयाबीन येण्याआधी इथल्या खरिपात तीच उभी असायची. लग्नाच्या यादीत पनीर तीनऐवजी एकदा ठेवा आणि उसळ वाढा, एवढंच माझी भाची म्हणत होती. तिला ‘म्हणजे आम्ही पाहुण्यांना उपाशी ठेवायचं?’ असं विचारलं गेलं.

बाकीचे मुद्दे फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाहीत. इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॉट-तास वीज घेते, म्हणजे कोळसा धरून २२ ग्रॅम. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर गेली तरी ५० ग्रॅम. बॅटरी बनवताना भार पडतो, तो मान्य. रोज राजवाडा ते विजयनगर ये-जा करणाऱ्याचा तो लवकरच फिटतो, गॅरेजमध्ये उभी ठेवणाऱ्याचा फिटत नाही. ज्वालामुखींचं म्हणाल, तर जगातले सगळे मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. १९९१ मध्ये पिनाटुबो फुटला तेव्हा त्याच्या गंधकयुक्त वायूंमुळे पृथ्वी काही काळ उलट अर्ध्या अंशाने थंड झाली होती.

राहिली अमेरिका. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण त्यात खोट नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतात दोन टनांच्या आसपास. जुनी थकबाकी त्यांची आहे आणि ती वसूल झाली पाहिजे. दरम्यान सोसायचं मात्र आपल्याला आहेच. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये २०२४ हे भारतातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं, आणि रात्रीच्या गारव्यासाठी ‘शब-ए-मालवा’ म्हणून नावाजलेल्या आपल्या मुलखाने ते भोगलं.

पण काका, भारताची ती दोन टनांची सरासरी तुमची-माझी नाही. ती आपल्या गल्लीत भाजीचा ठेला लोटणाऱ्याने, सायकलवर कामाला जाणाऱ्याने, जनरलच्या डब्यात दाराशी बसून मुंबई गाठणाऱ्याने खाली आणलेली आहे. दोन टन म्हणजे दिवसाला साडेपाच किलो. विमानाने दादरच्या लग्नाला जाऊन येण्यात माणशी ११० किलो जातात: सरासरी भारतीयाचे वीस दिवस.